दाराशी लावलेली चाकं

रोबोच्या कोपरात बसणारं दातेरी चाक परदेशातूनच यायचं. गल्लीच्या टोकाला छोटा कारखाना चालवणाऱ्या ताई इरेला पेटल्या, ते इथेच बनवायचं! चांगलं पोलाद मिळेना, मोजायचं यंत्र उसनं आणावं लागे. तरी चाक केसभर चुकलं, की ताई ते बाद करत.

नवरा म्हणे, "अगं, एवढं चालतं!"

"असं म्हणूनच गिऱ्हाईक आपल्याकडे फिरकत नाही," ताई फटकारत.

बाद चाकं शेजारी नेत, वाऱ्याने आपटणारी दारं अडवायला. अख्ख्या गल्लीत एक दार आपटत नसे.

परवा शेजारच्या काकू नव्या घरासाठी चाक मागायला आल्या. ताईंनी बाद मालाची पेटी उघडली. ती रिकामी होती. महिनाभरात एकही चाक बाद झालं नव्हतं, हे ताईंच्या आत्ता लक्षात आलं.

"काकू," त्या हसल्या, "आता विटेवर भागवा."