गेरेंदेवरचे नवरदेव

बहारीनमध्ये दोन गोष्टी कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा साचतात: वाळू आणि आमच्या कंपनीतले किस्से!

आमचा साहेब मोरी-सान जपानच्या बर्फाळ भागातला. स्कीइंगच्या उताराला ते लोक 'गेरेंदे' म्हणतात. शब्द जर्मनांकडून उचललेला. बाहेर अंग भाजतंय आणि हा चहा पिताना सांगतोय, "गेरेंदेवर कोणीही देखणं दिसतं. गॉगल, रंगीत जॅकेट, मागे बर्फ. आम्ही त्याला गेरेंदे-मॅजिक म्हणतो. खाली कँटीनमध्ये गॉगल काढला की खलास!"

"साहेब, तुमचं लग्न कुठे जमलं?"

"गेरेंदेवर."

"मग?"

"मग मी बहारीनला बदली मागून घेतली!"

*

आमचा एसी मेकॅनिक सावंत, कुडाळचा, चाळिशीला टेकलेला. लग्न जमवायला सुट्टीवर निघाला तेव्हा गॉगल त्याचा, घड्याळ माझं आणि सेंट इतकं, की एअरपोर्टवरचं हुंगणारं कुत्रं शिंकत बाजूला झालं!

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तिकडे करता काय?"

"आख्खा बहारीन माज्यामुळे थंड आसा!"

पंधरवड्यात बार उडाला.

*

परत आला तो एकटाच, कंपनीच्या लेबर कॅम्पातल्या सहाजणांच्या खोलीत. पण बायकोला, म्हणजे रेखाला, व्हिडिओ कॉल तिथून कधीच नाही. बुसैतीनच्या बंगल्यांत एसी दुरुस्तीला गेला की तिथल्या सोफ्यावरून! एकदा मागून अरब मालक ओरडला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे, आटप लवकर!

"कोण हो ते?"

"शेजारी. जेवायला बोलावतायत!"

*

मी म्हटलं, "सावंत, आता तरी सांगून टाक तिला."

"आणि गॉगल काढल्यावर ती रवतली काय?"



*

रेखा व्हिजिट व्हिसावर आली. सावंतने हातापाया पडून आमचा ईसा टाउनचा फ्लॅट आठवडाभर मागून घेतला. आम्ही भिंतीवरचे फोटो उतरवले. माझी बायको झाली 'शेजारीण', मी 'सहज डोकावलेला मित्र'!

रेखाने लाडवांचा डबा काढायला बॅग उघडली. घरभर नजर फिरवली, ती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांवर थांबली. मग स्वतःच चहा करून आणला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, बसा हो. स्वतःच्याच घरात किती वेळ उभ्या राहाल?"



ती सावंतकडे वळली. "चला, तुमच्या खोलीवर जाऊ. असेल तशी चालेल."

सावंत फरशीकडे बघत म्हणाला, "तिथे बायकांना मनाई आहे."

रेखाने बॅगेची चेन ओढून लावली. "मग दोघांची खोली होईल तेव्हा बोलवा."