भैरू आबांचा अंगठा

वरवंडच्या भैरू आबांचा गळा तंबाखूनं नेला, आणि पेन धरायची बोटं त्याआधीच कारेगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीननं नेली. उरला उजवा अंगठा. त्या अंगठ्यानं मात्र कमाल केली. जुन्या बटणांच्या मोबाइलवर आबा न बघता टाइप करायचे. कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते अंगठ्याला पाठ. घशाच्या ऑपरेशननंतर म्हातारा गप्प बसेल म्हणून ज्यांना बरं वाटलं होतं, त्यांच्या नाकापुढे मोबाइल धरून आबा पूर्वीसारखेच भांडायचे.

मागच्या महिन्यात बॅटरी फुगून तो मोबाइल गेला. धाकट्या भावानं, पोपटरावानं, हौसेनं टचस्क्रीनचा आणला. "दादा, ह्याच्याफुडं नुसतं बोललं तरी आपोआप लिवून येतंय," म्हणाला आणि मग जीभ चावली.

काचेवर अंगठ्याला काही लागेचना. एक अक्षर कुठं संपतं, दुसरं कुठं सुरू होतं, कळायला जागाच नाही. त्यात अंगठा घट्टे पडून निबर झालेला. दाबला तर काच दाद देईना, पुन्हा दाबला तर शेजारचंच अक्षर उमटे. एका ओळीला दहा मिनिटं. तेवढं थांबतो कोण? लोक अर्ध्यावरच "व्हय व्हय, कळलं" म्हणून उठायला लागले. आबा खरे मुके झाले ते तेव्हा.

अशात त्यांच्या एकुलत्या लेकीची, स्वप्नालीची सुपारी ठरली. मुलगा कासुर्डीचा, सत्यजीत नावाचा. बघण्याच्या कार्यक्रमावेळी आबा पुण्याला दवाखान्यात होते, त्यामुळे नवरा मुलगा त्यांनी थेट बैठकीतच पाहिला. आणि ओळखला. बोटं गेल्यावर आबा कारेगावात एका चाळीवर वॉचमन होते. तिथं ह्याच सत्यजीतनं बायकोला पट्ट्यानं मारून खोलीबाहेर काढलं होतं. ती बाई आबांच्याच खुर्चीत येऊन बसली होती, अनवाणी.

आबांनी मान हलवली, हात आपटला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. "पोरीचा बाप हाय, भरून येणारच," पाहुणे समजुतीनं म्हणाले. अर्धी ओळ वाचून उरलेली ओळखणारी स्वप्नाली आत साडी नेसत होती. आबांनी मोबाइल काढला. 'ह्याला पहिली बायको हाय' एवढं लिहायलाच सात मिनिटं गेली. अंगठ्याला घाम सुटला, काच आणखीच ऐकेना. त्यांनी तो शर्टाला पुसला, पुन्हा दाबला. समोर नावं सांगून झाली, टोप्या-टॉवेल झाले, मुहूर्ताचं बोलणं निघालं. 'तिला मारायचा' पुरं होतंय तोच सुपारी फुटली.

आबांनी मोबाइल पोपटरावाच्या डोळ्यांपुढे धरला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं दाटीवाटीनं बसलेल्या भावकीकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल स्वतःच्या खिशात घातला.

"सुपारी फुटलीय, दादा," तो कानाशी म्हणाला. "आता मोडलं तर आपलीच पोरगी बदनाम हुईल."

आणि वर मान करून बैठकीला मोठ्यानं सांगितलं, "दादा म्हणत्यात, पोरीला जपा."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आबांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि व्याह्यांनी प्रेमानं त्यात पेढा घातला.