खांद्यावरचा टॉवेल

घोडेस्वारीच्या त्या शाळेत त्यांना कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईबाप, खुद्द मालकीणबाई, सगळे त्यांना टॉवेलकाका म्हणायचे. उन्हाळा असो की थंडी, काकांच्या उजव्या खांद्यावर टॉवेल असायचाच. तो मूळचा निळा असावा, पण तसं छातीठोकपणे सांगायला कुणी पुढं आलं नसतं. संध्याकाळची चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, देऊन झाली, की काका तबेल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि एकेका घोड्याचं नाक नि डोळ्यांचे कोपरे पुसून देत. घोडे तरी काय लाडावलेले! आपली पाळी आली की मान खाली घालून नाक सरळ काकांच्या खांद्यावर टेकवायचे.

काकू यावरून त्यांना सोडत नसत. स्वतःच्या पोरांची नाकं गळत होती तेव्हा हा माणूस कुठं होता, देव जाणे, असं त्या चारचौघांत ऐकवायच्या. काका हसायचे. बोलणं लागायचं त्यांना, पण त्यात खोटं काही नव्हतं. घरची पोरं काकूंनी वाढवली आणि काकांनी वाढवली ती कवडी.

कवडी म्हणजे करड्या रंगाची घोडी, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. तिला जन्म देऊन तिची आई गेली, तेव्हा त्या लटपटत्या शिंगराला काकांनी मांडीवर डोकं घेऊन बाटलीनं दूध पाजलं होतं. पुढं शाळेतली सगळी भित्री मुलं तिच्याच पाठीवर शिकली. रडणारं पोर बसलं की ती इतकी जपून पावलं टाकायची, की बघणाऱ्याला हसू यावं. आता ती थकली होती आणि काकाही थकले होते. मालकीणबाईंनी शब्द दिला होता, की काका काम सोडतील त्याच दिवशी कवडीही सुटेल. मागच्या कुरणात मोकळी राहील, काकांनी हवं तेव्हा येऊन बसावं. काकांनी त्या कुरणात बसायची जागासुद्धा हेरून ठेवली होती. आयुष्याकडून त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं हो.

अशात नवा तांबडा घोडा आला. नव्या जनावराला काही दिवस मागच्या शेडमध्ये वेगळं ठेवायचं, हा काकांचा जुना नियम, आणि तो किती शहाणपणाचा होता ते लगेच कळलं. तांबड्यानं चंदी हुंगून तशीच सोडली. पाणी प्यायला गेला तर घोट गिळवेना, मान लांब ताणून उभा राहिला. नाकातून आधी पाण्यासारखं आणि मग दाट पिवळं येऊ लागलं. काकांनी जबड्याखाली हात घातला तर दोन्ही बाजूंना गरम, टणक गाठी. घोड्याचा गळा धरलाय, हे त्यांनी तिथंच ओळखलं. हा रोग नाकातून, तोंडातून, बादलीतून एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो आणि बघता बघता अख्खा तबेला झोपवतो.

डॉक्टरीणबाई आल्या. तपासून त्यांनी तेच सांगितलं आणि वेगळं ठेवल्याबद्दल काकांना शाबासकी दिली. मग काकांनी जी सेवा केली तिला तोड नाही. तांबड्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, फावडं वेगळं, बूटसुद्धा वेगळे. गाठींवर गरम पाण्याचा शेक, भिजवून मऊ केलेलं खाणं, आणि इतर घोड्यांकडे जाण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुणं. सगळ्या घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ बघायचा. आजारी घोड्याच्या शेडशी पोरासोरांना फिरकू दिलं नाही. गाठी पिकल्या, फुटल्या, पू वाहून गेला, आणि एके सकाळी तांबड्यानं चंदीचं भांडं चाटूनपुसून स्वच्छ केलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी कवडीला ताप भरला.

काकांना आधी पटेचना. थर्मामीटर झटकून त्यांनी पुन्हा लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनंही मान लांब ताणली, तेव्हा मात्र त्यांनी तिलाही वेगळं बांधलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मालकीणबाई चिडून विचारत राहिल्या, की एवढं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं तर मग हे आलं कुठून? कुणी बादली बदलली का, कुणी मूल आत गेलं का?

डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही रोज जे जे करता ते मला फक्त करून दाखवा. काकांनी दाखवलं. बूट बदलले. तांबड्याच्या गाठीच्या जखमा धुतल्या. शेक दिला, सवयीनं त्याचं नाक पुसलं, बाहेर आले, पुन्हा बूट बदलले. नळाखाली साबणाचा भरपूर फेस करून हात धुतले, अगदी नखांच्या कडासुद्धा. आणि मग ते हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसले.

डॉक्टरीणबाई त्या टॉवेलकडे बघत राहिल्या. काकांनीही बघितलं. तो टॉवेल त्यांना कधी वस्तू वाटलाच नव्हता. हात धुताना आपला खांदा कुणी धुतो का? तसंच ते. त्यानंच त्यांनी तांबड्याचं नाक पुसलं होतं आणि त्यानंच, रोज संध्याकाळी, कवडीचं.

"मीच नेला तिच्यापर्यंत," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांत्वन केलं नाही. कारण सापडलं, आता बाकीचे वाचतील, एवढंच बोलल्या. मालकीणबाईंनी तोंड फिरवलं, पण काकांना शब्दानं दुखावलं नाही. काकांनी टॉवेल मागच्या अंगणात नेऊन जाळला. तो पुरता जळेपर्यंत ते काठीनं ढोसत तिथंच उभे होते.

बाकीचे घोडे तरणेताठे होते, त्यांच्यापैकी कुणी आजारी पडला नाही. पण कवडीचं वय झालं होतं. बाहेरची गाठ फुटली तरी आतलं दुखणं छातीत उतरलं. श्वासाला घरघर लागली, औषधं लागू पडेनात, बरगड्या मोजता येऊ लागल्या. काका तिच्याजवळून हलत नसत. काकू जेवणाचा डबा घेऊन तबेल्यात यायच्या आणि उंबऱ्याबाहेर बसून राहायच्या. त्यांची चेष्टा कधीच बंद झाली होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आता तिला ठेवणं म्हणजे तिचे हाल करणं आहे. काकांनी मान हलवली. कवडी आडवी झाली होती. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीनं दूध पाजताना घ्यायचे तसंच. सुई भरून होईपर्यंत तिनं कशीबशी मान उचलली आणि वाहतं नाक त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकवलं. तिथं टॉवेल नव्हता. तिनं हुंगलं, थोडं सरकवून पुन्हा टेकवलं. आपली पाळी आलीय आणि काका पुसत का नाहीत, हे तिला कळत नव्हतं.

काकांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"पुसा काका," त्या म्हणाल्या. "आता काही हरकत नाही."

काकांनी अंगातला शर्ट काढला आणि तिचं नाक पुसलं. डोळ्यांचे कोपरे पुसले. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका कामावर आले. तांबडा अजून वेगळाच होता. सगळ्यांत शेवटी त्याच्याकडे जायचं होतं, त्याच्यावर राग धरण्यात काही अर्थ नव्हता. तबेल्यात त्यांनी एकेका घोड्याचं नाक कापसाच्या बोळ्यानं पुसलं, बोळा डब्यात टाकला, बादलीतल्या साबणाच्या पाण्यात हात धुतले आणि ते पुढच्याकडे सरकले. असं करत करत कवडीच्या जागेपाशी आले. तिथं पुसायला कुणी नव्हतं. तरी त्यांनी हात धुतले, नवा बोळा घेतला, आणि मग तो हातात तसाच धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. काकू बाहेरून आत आल्या. त्यांनी आपल्या हातानं नवऱ्याचं नाक पुसलं.