मामीच्या चाकूचा रंग

मामीचा भाजीचा चाकू मी घासूनपुसून आरशासारखा लख्ख केला आणि वर शाबासकीची वाट पाहत बसलो.

माझा मामा चाकू बनवतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक भट्टी, एक ऐरण, घासकामाची दोन चाकं आणि कानशींनी भरलेली एक पेटी, एवढाच त्याचा कारखाना. त्याचे चाकू घेणारी माणसं त्या चाकूंनी साधी काकडीही कापत नाहीत. ती ते मखमलीवर ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. ही छंदी मंडळी लांब लांब राहतात, म्हणून त्यांना फोटो पाठवावे लागतात. ते काम माझ्याकडे होतं. पदवी घेऊन मी घरी बसलो होतो. आई म्हणाली, "बसायचंच आहे तर मामाकडे जाऊन बस, त्याला सोबत तरी होईल." म्हणून मी आलो.

पहिल्याच आठवड्यात मी मामाला सल्ला दिला. पात्यावर थोडी नक्षी काढ म्हटलं, एखादं पान, एखादा सिंह, लोकांच्या डोळ्यांत भरेल.

मामानं पातं उलटसुलट करून पाहिलं. "का रे? कुठं चुकलोय का मी?"

"चुकलास असं कुठं म्हणालो?"

"मग झाकायला कशाला सांगतोस?"

त्याची परीक्षेची पद्धत वेगळी होती. चाकू झाला की तो शेडच्या पांढऱ्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि चहाचा कप घेऊन समोर स्टुलावर बसायचा. मलाही बसवायचा. "डोळा टोकावर ठेव. आता पाठीवरून हळूहळू मुठीपर्यंत येऊ दे. अडला कुठं?" माझा कुठंच अडायचा नाही, कारण तो तोवर बिस्किटांवर गेलेला असायचा. त्याचा मात्र अडायचा. कुठं मूठ पात्याला जड व्हायची, कुठं पात्याच्या पोटाची, म्हणजे धारेकडची, गोलाई केसभर लवकर वळायची. मुठीच्या दोन फळ्या तो एकाच लाकडातून चिरून काढायचा, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा उघडलेल्या पुस्तकासारख्या समोरासमोर यायच्या. लाकूड आणि पोलाद जिथं भेटतं तिथून उजेड दिसला तर मूठ काढून पुन्हा बसवायचा. "घेणाऱ्याला सांगता येत नाही काय बिघडलंय," तो म्हणायचा, "पण तो चाकू खाली ठेवतो. एकदा खाली ठेवलेला चाकू माणूस पुन्हा उचलत नाही."

एका गोष्टीला मात्र तो हात लावायचा नाही. त्याचं पोलाद साधं, ओलं राहिलं तर गंजणारं. असं पातं रोजच्या वापरात राहिलं, की कांद्यानं, लिंबानं, भाजीच्या रसानं त्याला हळूहळू रंग चढतो. आधी राखाडी, मग निळसर, कुठं कुठं जांभळी झाक. छंदी मंडळी या रंगासाठी वेडी असतात. एका गिऱ्हाइकानं नव्या चाकूला असा रंग चढवून मागितला, तर मामानं फोनवरच सांगितलं, "घरी न्या आणि रोज कांदे कापा. रंग नाही चढला तर चाकू परत घेईन." त्या माणसानं पुन्हा फोन केला नाही.

आता मामीबद्दल. मी आलो तेव्हा मामी दोन वर्षांपासून विसरत चालली होती. आधी शेजारणींची नावं गेली, मग गॅस बंद करणं गेलं, मग मी गेलो. मला ती "फोटोवाला" म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ते चूकही नव्हतं. शेवटी मामाची पाळी आली. आपल्या घरात हा पुरुष का वावरतो हे तिला कळेना. तो खोलीत आला की ती पदर सावरून कोपऱ्यात सरकायची. मामा चपला न वाजवता चालायला शिकला.

पण सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेवड्याच्या शेंगा आणि तिचा चाकू ठेवला, की मामी यायची. खुर्ची ओढायची, चाकू उचलायची, अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवायची आणि शेंगा चिरायला लागायची. सगळे तुकडे एकाच मापाचे. चिरता चिरता बोलायची, "शेंगा कोवळ्या आणल्यात हं आज," किंवा "अहो, पंखा लावा की." त्या तासाभरात मामा तिचा नवरा असायचा. तो समोर बसून मुकाट्यानं शेंगांच्या शिरा काढायचा. शेंगा संपल्या की ती उठायची आणि पुन्हा त्याला बिचकायची. म्हणून मामा दर आठवड्याला जास्त शेंगा आणायचा. आम्ही घेवडा खाऊन खाऊन हिरवे व्हायच्या बेतात होतो.

तो चाकू मामानं बनवलेला पहिला चाकू. कारखान्यात नोकरीला असताना तुटलेल्या करवतीच्या पात्यातून कापून काढलेला, लग्नानंतर लगेच. आता तो भिंतीवर टांगला असता तर मामाचा डोळा त्यात चार ठिकाणी अडला असता. मूठ फुगलेली, तीन खिळ्यांतला मधला रांगेबाहेर. पण वर्षानुवर्षांच्या चिरण्यानं पात्यावर असा रंग चढला होता, की चाकूकडं बघताना त्या खिळ्याकडं लक्षच जायचं नाही. मला अर्थात तो रंग दिसला नव्हता. मला डाग दिसले होते.

दातांचे एक डॉक्टर मामाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या कपाटात चाकूंचे तीन खण होते, हे त्यांच्या पेशंटना ठाऊक नसावं. त्यांनी मला मेसेज केला, मामांचा पहिला चाकू अजून घरात आहे असं ऐकतो, फोटो मिळेल का? मामा लाकूड निवडायला वखारीत गेला होता. मी स्वयंपाकघरातून चाकू उचलला, पाहिला, आणि मनात म्हटलं, असला कळकट चाकू डॉक्टरांना दाखवायचा? मामाची अब्रू जाईल. शेडमध्ये गेलो, पॉलिशचं कापडी चाक लावलं आणि मामाकडूनच शिकलेल्या सगळ्या विद्येनिशी पातं चकचकीत केलं. फोटोही सुरेख आला.

मामा आला. त्यानं चाकू खिडकीशी नेला, पातं तिरपं करून उजेड वरून खाली सोडला, मग उलट बाजूनं सोडला.

"चांगलं केलंयस," तो म्हणाला. "कुठं लाट नाही आली. कडाही गोल नाही केल्यास."

मी खूश होऊन काही बोलणार, तेवढ्यात तो स्टुलावर बसला. लाकडाची पिशवी त्याच्या मांडीवर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी टेबलाशी आली. शेंगांकडं पाहिलं, चाकूकडं पाहिलं. तो उचलला आणि खाली ठेवला.

"हा कुणाचा?"

"तुझाच आहे," मामा म्हणाला.

ती दचकली. "तुम्ही कोण?" म्हणाली आणि आत निघून गेली. शेंगा टेबलावर राहिल्या. मामानं त्या स्वतः चिरल्या. कुठला तुकडा बोटाएवढा, कुठला नखाएवढा. चाकू बनवणाऱ्याला चिरता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर त्यानं तिच्यासमोर दुसरे चाकू ठेवून पाहिले. गिऱ्हाइकांसाठी बनवलेले, आखीव, ज्यांत कुणाचाही डोळा अडला नसता. ती एकेक उचलायची, सभ्यपणे पाहायची, खाली ठेवायची. मी म्हटलं, "मामा, मी काय करू सांग." तो म्हणाला, "तुझ्या फोनात बघ. त्या चाकूचा एखादा जुना फोटो असेल." मी मामाच्या प्रत्येक चाकूचे डावीकडून, उजवीकडून, वरून फोटो काढले होते. याचा जुना एकच सापडला. त्यात मामी हसत होती आणि सगळं पातं तिच्या हाताखाली झाकलेलं होतं.

मग मामानं कांदे आणले. रोज बसून त्याच चाकूनं कांदे कापू लागला, वर लिंबं कापू लागला. घरात इतका कांदा झाला की शेजारीही आम्हाला बघून दार लावून घ्यायला लागले. रंग चढला, पण भलत्या जागी. त्याची पकड वेगळी, तो टोकानं टोचायचा. मामी पात्याच्या पोटानं दाबायची.

"हे कसं चालेल?" तो स्वतःशीच म्हणाला. पातं पुन्हा घासून पांढरं केलं आणि जे काम त्यानं जन्मात कुणासाठी केलं नव्हतं ते करायला बसला. व्हिनेगर, कडक कॉफी, लिंबाचा रस आणि कापसाचे बोळे. डोळे मिटून आठवायचा, मग एक ठिपका लावायचा. "इथं अंगठा. इथं रंग नसायचा, घासून गेलेला. पोटाला सगळ्यात गडद. टोक उजळ, टोक ती वापरायचीच नाही. आणि या बाजूला थेंब, लिंबू कापलं की ती लगेच पुसायची नाही. किती वेळा सांगितलं मी तिला, पूस म्हणून." असं म्हणून तो थांबला आणि ज्या थेंबांवरून इतकी वर्षं कुरकुर केली ते एकेक करून पात्यावर काढत बसला. मी बोळे भिजवून देत होतो. विनोद करायची मला फार सवय आहे, पण तेव्हा एकही सुचला नाही.

काम संपत आलं होतं त्याच सुमारास डॉक्टर स्वतः आले. नवीन चाकू न्यायला आले होते, पण शेडच्या फळीवर ठेवलेला तो जुना चाकू दिसला आणि बोलणं अर्धवट टाकून तिकडं वळले. उचलून खिशातलं भिंग लावलं. बराच वेळ पाहत राहिले.

"हाच पहिला ना? तुमच्या भाच्यानं पाठवलेल्या फोटोत भलताच चकचकीत दिसत होता. फोटोत काहीतरी खटपट केली असणार यानं." मी मान खाली घातली. "हे बघा, हा अंगठा झिजलेला. हे थेंब. असं बनवता येत नाही हो. याच्यासाठी एक आयुष्य लागतं. काय घ्याल?"

"रंग खोटा आहे, डॉक्टर," मामा म्हणाला. "मी चढवलाय. अजून व्हिनेगरचा वास येत असेल."

डॉक्टर हसले. "विकायचा नाही असं सरळ सांगा ना! आम्ही काय, दात खरा की खोटा हे बघण्यातच जन्म घालवला."

ते गेले तेव्हा मामाचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी उजळलेला पाहिला. "डॉक्टर फसले," तो म्हणाला. आणि लगेच बाजारात जाऊन सगळ्यात कोवळ्या शेंगा घेऊन आला.

सकाळी मामी टेबलाशी आली. चाकू पाहिला. उचलला. अंगठा पाठीवर गेला, बरोबर त्या उजळ जागेवर. तिनं एक शेंग ओढली, चिरली. दुसरी ओढली. मग हात थांबला. तिनं पातं डोळ्यांजवळ नेलं, थेंबांवरून बोट फिरवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण माझा नाही हा." आणि खाली ठेवला.

मामानं चाकू उचलायला हात पुढं केला. तोच त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "माझा धार लावायला दिलाय. तुमच्याकडंच दिला होता ना?"

मामानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "हो, बाई."

"झाली का?"

"थोडं काम राहिलंय अजून."

"नीट करा हं. घाई नाही." तिनं कमरेचा बटवा चाचपला. त्यातून एक केसांची पिन निघाली. "पैसे किती झाले? सुटे नाहीत आत्ता."

"दहा रुपये. सावकाश द्या."

"देईन. बुडवायची नाही मी."

तेव्हापासून ती त्याला घाबरत नाही. घरात वावरणारा अनोळखी पुरुष गेला आणि त्याच्या जागी धारवाला आला, ज्याच्याशी तिचा व्यवहार आहे. ती त्याला बसा म्हणते, पाणी देते, पोलाद हल्ली पूर्वीसारखं येत नाही अशी तक्रार ऐकून घेते. पंखा लावायला मात्र सांगत नाही, परक्या माणसाला कसं सांगणार? लावलेला रंग आता फिकट होऊ लागलाय. मामानं तो चाकू ड्रॉवरमध्ये ठेवून दिलाय.

मध्यंतरी मी शहाणपणा करायला गेलो. मामीच्या बटव्यात हळूच दहाचं नाणं सरकवत होतो, म्हटलं देऊ दे बिचारीला, जिवाला लागून राहिलंय तिच्या. मामानं माझं मनगट धरलं.

"देऊ नकोस."

"का?"

"तिनं पैसे चुकते केले की मला चाकू द्यावा लागेल. कुठून देऊ?"

परवा संध्याकाळी मामा शेडमधून आला, तर मामी दारातच उभी होती.

"धारवाले, पैशांचं विसरले नाही हं मी."

"ठाऊक आहे," मामा म्हणाला. "या महिन्यात नसेल जमत तर राहू द्या."