पितळी पाटीवरची तिसरी ओळ

छातीत सुताची धूळ भरली तशी अ‍ॅग्नेस ऑग्डनची गिरणी सुटली आणि ती इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉ गावी फ्रीमेसन या पुरुषांच्या गुप्त बंधुमंडळाच्या सभागृहाची झाडलोट करू लागली. त्याला अकरा वर्षं झाली होती. आतल्या दालनात बायकांना मज्जाव. बैठक चालू असली की दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन म्हातारा द्वारपाल क्रॉनशॉ उभा. दर गुरुवारी सकाळी मात्र अ‍ॅग्नेस बादली घेऊन आत जाई आणि गुडघ्यांवर बसून काळ्यापांढऱ्या फरश्या घाशी.

"बायकांना बंदी, मग मी कोण?" तिनं एकदा अध्यक्ष पिलिंग यांना विचारलं होतं.

"तू झाडलोट आहेस, अ‍ॅग्नेस," ते म्हणाले. त्यांना हसू आलं नव्हतं.

१९२१च्या मार्चमध्ये त्या दालनात कॅप्टन विल्फ्रिड एंटविसल यांच्या नावाची पितळी पाटी लागली. कॅप्टन मूळचे औषधविक्रेते. महायुद्धात, १९१७ साली, ग्रीसमधल्या सलोनिकाच्या लष्करी इस्पितळात हिवतापानं गेले, त्यांना तिथंच पुरलं. गावानं चौकात दगडी स्मारक उभारलं तेव्हा समितीनं ठरवलं, नावं लढताना पडलेल्यांचीच. ताप ही काही लढाई नव्हे. त्यामुळे कॅप्टनचं नाव अख्ख्या गावात एकाच ठिकाणी कोरलेलं होतं, आणि तिथं त्यांच्या बायकोला प्रवेश नव्हता.

मिसेस एंटविसल नवऱ्याचं औषधांचं दुकान बंद करून सभागृहाच्या पायऱ्यांवर आल्या तेव्हा अ‍ॅग्नेस कठड्याला पॉलिश करत होती.

"वहिनी, नियम म्हणजे नियम," पिलिंग दार अडवून म्हणाले. "नाताळच्या मेजवानीला या ना, जेवणघरात."

"त्यांना बंधू म्हणता, मला वहिनी म्हणता, आणि दारात उभं करता. दोन मिनिटं बघून जाईन."

"आज तुम्ही, उद्या साऱ्या आळीच्या बायका."

पिलिंग आत गेले. अ‍ॅग्नेस फडकं न थांबवता हळूच म्हणाली, "बाईसाहेब, गुरुवारी आठला मागच्या दारानं या. जुना झगा घाला. टोपी घरी ठेवा, डोक्याला फडकं बांधा."

गुरुवारी बादली मिसेस एंटविसल यांच्या हातात होती. क्रॉनशॉनं दार उघडलं, एप्रनकडे बघितलं.

"नवी का?"

"मदतीला आणलीय. माझे गुडघे गेलेत," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"पाय पुसा म्हणावं तिला."

वीस वर्षं तो याच बाईंच्या हातून खोकल्याच्या गोळ्या नेत होता.

आत गेल्यावर मिसेस एंटविसल यांनी बादली खाली ठेवली आणि पाटी वाचली. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत, या सभेचे बंधू. तिसरीत, 'शत्रूच्या माऱ्यात आपल्या तुकडीच्या अग्रभागी लढताना पडले.'

अ‍ॅग्नेसनं ती ओळ तीन गुरुवार घासली होती. "मला वाटलं, वाचून तुम्हाला बरं वाटेल."

"हे कोण?" मिसेस एंटविसल म्हणाल्या. "या माणसाला मी ओळखत नाही. त्यांच्या शेवटच्या पत्रात लढाईचं अक्षर नाही. तापावरचं क्विनाइन अपुरं पडतंय, एवढंच. आणि तेव्हा आमच्या फळीवर त्याच्या अकरा बाटल्या होत्या, अ‍ॅग्नेस. रोज पुसत होते मी त्या."

चौकाला ताप चालला नाही म्हणून नाव गेलं. इथं ताप चालला नाही म्हणून माणूस बदलला.

"पितळ कशानं घासतेस?"

"विटकरीच्या पुडीनं. पण हलक्या हातानं, नाहीतर अक्षरं झिजतात."

"किती दिवसांत?"

"दिवसांत कुठली? दर गुरुवारी जोर लावला तरी पंधरा-वीस वर्षं."

"मी बेचाळीसची आहे," मिसेस एंटविसल म्हणाल्या आणि त्यांनी पुडीचा डबा मागितला. नावाला त्यांनी बोट लावलं नाही. तिसरी ओळ मात्र खांद्यातून जोर लावून घासली.

मग दर गुरुवारी दुकान दहाला उघडू लागलं.

नाताळच्या मेजवानीचं आमंत्रण मिसेस एंटविसल यांनी परत पाठवलं. त्या दिवशी पिलिंग जिन्यात अ‍ॅग्नेसपाशी थांबले.

"एंटविसलची पाटी काय लखलखते! चौकातल्या दगडाला लाज वाटेल. असंच चालू दे."

"नव्या बाईचा हात आहे, साहेब."

"असं? कोण ती?"

"झाडलोट," अ‍ॅग्नेस म्हणाली आणि बादली उचलून खाली गेली.