मायचा रोल

साकोलीच्या हायवेवर सिनेमाच्या युनिटची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. माझी माय पानठेल्यासमोर उभी राहून पान लावून घेत होती. मी पाया पडायला वाकले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाली, "जा. तिकडं कोनी विचारलं, तुयी माय काय करते, तं मेली म्हणून सांगजो. तुमच्या पिच्चरमंधी तशीबी मेलीच आहे मी."

पान गालात सारून ती रस्ता ओलांडून गेली आणि आमच्या गावाच्या काळी-पिवळी जीपमध्ये जाऊन बसली. गाडी निघाली तेव्हा मी काच खाली करून पाहिलं. ती शेजारच्या बाईशी बोलत होती.

गावाकडे राहिलेले माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, पोट्टीनं मायले विकलं. कुणी म्हणतं, पोट्टीनं गावाचं नाव काढलं. माझ्यासारखे जे मुंबईला निघून आले त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. ते मला फक्त विचारतात, एवढं मोठं काम केलंस तर घरी का जात नाहीस? म्हणून दोघांसाठीही झालं ते सांगते.

माझी माय कुसुम, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतली नटी. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. लग्नाआधीपासून ती स्टेजवर होती. बाबा लवकर गेले, मग मी तिच्यासोबत फिरले. कपड्यांच्या पेटीवर झोपायची, पडद्यामागे अभ्यास करायची. पोस्टरवर तिचा चेहरा सगळ्यात मोठा असायचा. चाळिशी उलटली तरी ती नायिकाच होती, कारण ती दुसरं काही व्हायला तयार नव्हती. मग एका गावात, गाणं सुरू असताना, मागून कुणीतरी ओरडलं, "उतर खाली, म्हातारे!" एकाचे दहा झाले. चपला आल्या. मॅनेजरनं पडदा पाडला. त्यानंतर तिला आईची कामं मिळू लागली, पुढे सासूची.

अशात तो डायरेक्टर आला. मुंबईचा, तरुण, नम्र. एका नटीच्या चढउताराचा सिनेमा त्याला करायचा होता. अशा सिनेमांचं त्याला वेडच होतं. आमच्या अंगणात चटईवर बसून तो मायला एकेका सिनेमाची गोष्ट सांगायचा: नायिका वर चढते, लोक डोक्यावर घेतात, मग नवी पोरगी येते, मग दारू, मग आरसा, मग शेवट. माय तांदूळ निवडत ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "सगळ्याईतच बाई मरते का जी शेवटी?"

तो हसला. "ताई, शेवट तसाच करावा लागतो."

"आमी तं दुसऱ्या दिवशी धान कापाले जातो," माय म्हणाली.

हे त्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सगळंच केलं. तो रोज यायचा, भाजी-भाकरी खायचा, ताई ताई करायचा, आणि माय त्याला सगळं सांगायची. मला कधी सांगितलं नव्हतं तेही. चपलांची गोष्ट तिनं उभं राहून, करून दाखवली. तिला वाटत होतं की हा तिचा रोल आहे. त्यानं तसं म्हटलं नव्हतं, पण नाही असंही म्हटलं नव्हतं.

ऑडिशन साकोलीच्या एका मंगल कार्यालयात झाली. माय केसांना काळा रंग लावून, हिरवं लुगडं नेसून आली. चपलांचा सीन केला. मंडपाच्या खुर्च्या पुसणारी माणसं काम थांबवून बघत राहिली. डायरेक्टर मॉनिटरकडे पाहत होता. संपल्यावर म्हणाला, "ताई, फार छान. पण तुम्ही जास्त करता. हातवारे, आवाज. आम्हाला खरं हवंय."

माय म्हणाली, "मंग मी का खोटी आहो का?"

कॅमेरावाल्यानं लाइट बंद केला.

रोल मुंबईच्या हिरोइनला गेला. ती मायपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, मेकअपनं वय वाढवलेली. तिला आमची बोली शिकवायला मला ठेवलं. कॉलेज झालं होतं, घरी बसून होते, मी हो म्हटलं. मायनंच हो म्हणायला लावलं. "जा, शिकव. नाहीतं ते काहीबाही बोलून आपली इज्जत काढन." आमच्याकडे बायाही 'मी करतो', 'मी जातो' म्हणतात, हे हिरोइनच्या जिभेवर बसेना. मग मी तिला मायजवळ घेऊन गेले. माय चूल फुंकायची, पदरानं मान पुसायची, चिडली की एक खांदा उडवायची. हिरोइन समोर बसून एकेक उचलायची. संध्याकाळपर्यंत अंगणात दोन कुसुम असायच्या आणि त्यातली एक चांगली दिसायची.

चपलांच्या सीनला गर्दी हवी होती. आसपासच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आणली. दुपारची वेळ, काळे पडदे लावून रात्र केलेली. गर्दी काही ओरडेना. लोक हिरोइनला पाहून लाजत होते, काही तर टाळ्या वाजवत होते. डायरेक्टर घामाघूम झाला. शेवटी तो मायजवळ आला. ती जेवणाच्या पाकिटांच्या टेबलाशी उभी होती. म्हणाला, "ताई, तुम्ही पहिल्या रांगेत बसाल? तुम्हाला माहीतच आहे कसं झालं होतं. तुम्ही सुरू केलं की लोक करतील."

मी म्हटलं, "माय, नको."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. गेली आणि पहिल्या रांगेत बसली. अ‍ॅक्शन म्हटल्यावर हिरोइन गाऊ लागली. माय उठून उभी राहिली आणि तिनं असा आवाज काढला की मला माझीच भीती वाटली, कारण तो आवाज माझ्यातही कुठेतरी असणार. "उतर खाली, म्हातारे! उतर!" पायातली चप्पल काढून फेकली. ती हिरोइनच्या खांद्याला लागली. मग सगळी गर्दी उठली. हिरोइन खरंच घाबरली, खरंच रडली, आणि डायरेक्टरनं कट म्हणायला खूप वेळ लावला.

नंतर तो पळत आला आणि मायचे दोन्ही हात धरले. "ताई! हे! हे खरं होतं!"

मायनं हात सोडवून घेतले आणि आपली चप्पल शोधायला गेली.

शूटिंग संपल्यावर मला डबिंगसाठी मुंबईला बोलावलं. सुरुवातीला सांगितलं ते पानठेल्याजवळचं, त्या सकाळचं. तिकडे गेल्यावर कळलं की हिरोइनचा आवाज बोलीत बसत नाही. शेवटी निम्म्या सिनेमात माझाच आवाज घातला. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून, पडद्यावर तिचे ओठ बघत, मी मायचं बोलले. चपलांनंतर नटी मेकअपरूममध्ये एकटी ढसाढसा रडते, तो सीनही मीच रडले. पाच टेक झाले. इंजिनिअरनं काचेपलीकडून अंगठा दाखवला. नावांच्या यादीत मी नाही. पण त्यातून पुढचं काम मिळालं, मग त्याच्या पुढचं. आता मी मालाडला दोन मैत्रिणींसोबत राहते, सीरियल, जाहिराती, कार्टून, जे येईल त्याला आवाज देते. कँटीनमध्ये 'जातो' म्हणून बसले तर लोक हसतात, म्हणून 'जाते' म्हणते.

सिनेमा भंडाऱ्याला लागला तेव्हा गावातल्या बायकांनी मायला सोबत नेलं. चपलांच्या सीनमध्ये, ओरडताना, तिचा चेहरा पडद्यावर एवढाच वेळ आहे, की पापणी लवली तर निसटावा. पण तो आला आणि थिएटर हसलं. कुणीतरी मोबाइलवर तेवढाच तुकडा काढला, खाली गाणं लावलं, आणि तो सगळीकडे फिरला. आमच्या गावातली पोरं तिला पाहून ओरडू लागली. मग दुसऱ्या गावातली. ती सासूचं काम करायला स्टेजवर आली की पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत एकच गजर, "उतर खाली, म्हातारे!"

मला वाटलं आता ती संपली. पण नाटकाच्या मॅनेजरनं डोकं लावलं. त्यानं तिच्यासाठी वेगळी एंट्रीच ठेवली. नाटकात तिचं काही काम नाही. मध्येच ती नटून येते, लोक ओरडतात, ती चप्पल दाखवते, लोक शिट्ट्या मारतात, ती जाते. पोस्टरवर तिचा चेहरा पुन्हा सगळ्यात मोठा आहे. गर्दी अशी की खुर्च्या कमी पडतात.

हे मी मुंबईत, मोबाइलवर पाहिलं. फोन केला. "माय, हे काहून करून राहिली?"

"लोक येऊन राहिले ना," ती म्हणाली.

मग म्हणाली, "तुया आवाज वळखला मी पिच्चरमंधी. ते बाई रडते तवा. कायले रडली तू तेवढी? मी नव्हती रडली. मी तोंड धुतलं अन् जेवली. मटन होतं त्या दिवशी." आणि फोन ठेवला.

यंदा धान कापणीच्या वेळी मी गेले. भंडाऱ्याला एसटीतून उतरून साकोली, तिथून गाव. अंगणात पोचले तेव्हा माय शेजारणीसोबत बसली होती. ती उठली. घरात गेली आणि प्लास्टिकची खुर्ची आणली. पदरानं पुसली. मी म्हटलं, मी खाली बसते. "बसा जी," ती म्हणाली, "कपडे खराब होतीन." शेजारणीला सांगितलं, "हे मुंबईवून आले. पिच्चरवाले आहेत."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नटीच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मला तर लहानपणापासून कधीच कळलं नाही.

मैत्रिणी विचारतात, गाव म्हटलं की काय आठवतं. त्यांना वाटतं तलाव, धानाचा वास, असं काही मी सांगेन. गाव म्हणजे आता मला तेवढंच अंगण, जिथे मला कुणी ओरडून खाली उतरवत नाही, आदरानं खुर्चीवर बसवून ठेवतात.

माय चुलीपुढे बसली. पाणी ठेवलं, चहापत्ती टाकली. मग डबा हातात घेऊन माझ्याकडे वळली आणि आल्या-गेल्याला विचारावं तसं विचारलं, "साखर किती घेता जी तुमी?"

"एक चमचा," मी म्हटलं.