हरभऱ्याआधीचं विमान

बसा, चहा सांगितलाय. माझी फजिती ऐकायचीय ना? ऐका, पोट धरून हसा. फक्त मधेच ‘तरी आम्ही म्हणत होतो’ असं म्हणू नका. ते म्हणायला माझ्या घरात माणसं भरपूर आहेत.

तर मी विमान बनवलं. खेळण्यातलं नाही हो! एक माणूस बसेल असं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, कापडी पंखांचं, खरंखुरं इंजिन लावलेलं. नांदेडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा हवा पंखाला कशी उचलते हे सांगायला सर फळ्यावर बाण काढत होते. मी विचारलं, “सर, एक पंख बनवून बघू या का?” सर म्हणाले, “ते परीक्षेला येत नाही.” संपलं! बॅग उचलली आणि अहमदपूरच्या एसटीत बसलो. परत गेलोच नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ‘मोठी स्वप्नं बघा’ सांगून पगार घेतला, आणि स्वतःच्या पोराने बघितलं तर अंथरूण धरलं. मोठे चुलते आबा, शेतीचे कारभारी. त्यांनी सोयाबीनची शेड उघडून दिली. “कर काय करायचं ते. पण माल आला की कोपऱ्यात सरकायचं.” त्यामुळे माझ्या विमानाने अर्धं बालपण पोत्यांच्या आड काढलं.

आता खरी गोष्ट. विमान पुरं झालं. उडवायच्या परवानगीचे कागद अजून यायचे होते, पण त्याआधी ते जमिनीवर जोरात पळवून बघावं लागतं. नीट धरून चालतं का, पुढचं चाक उचलतं का, हे त्यात कळतं. त्याला लांब, सरळ पट्टा पाहिजे. तसा पट्टा आमच्याकडे एकच, आबांचं रस्त्याकडेचं वावर. सोयाबीन निघालेलं, मी रोलर फिरवून टणक केलेलं. आणि आबा तिथं हरभरा पेरायला टपलेले!

“ओल चालली वावरातली,” आबा म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत तुझं यंत्र पळालं तर तुझं, न्हाई तर माझं पेरणी यंत्र हायच. मंग पुढच्या वर्षी बघ.”

पुढच्या वर्षी! तोवर अण्णांनी मला लातूरला कुठल्यातरी दुकानात चिकटवलं असतं. बोलणी चालूच होती.

मी घरात सगळ्यांना बजावलं, “हे यंत्र आहे. याची पूजा नाही, नारळ नाही, लिंबू नाही. हात लावायचा नाही कुणी.” सगळे ‘हाव हाव’ म्हणाले. आमच्याकडे थोर माणसं ‘हाव’ म्हणाली की समजावं, ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान वावरात उभं केलं आणि पेट्रोल आणायला अहमदपूरला गेलो. परत येतो तर काय? विमानाचं लग्न लागलेलं! इंजिनाच्या पंख्याला झेंडूचा हार. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक. चाकांखाली लिंबं. शेपटीला मिरच्या. निम्मं गाव हात जोडून उभं, आणि माझी माय प्रसाद वाटून राहिली!

माझं डोकं फिरलं.

“काढा! एकूण एक वस्तू काढा! हारातलं एक फूल इंजिनात गेलं तर काय होईल माहितीय का? तुमच्या असल्या डोक्यांमुळेच हा भाग मागं राहिला!”

“अरे, पण देवाचं...” माय म्हणाली.

“देवाला सांग बसने जा म्हणून!”

अण्णा म्हणाले, “थोरामोठ्यांशी असं बोलतात?”

“थोरांनी थोरासारखं वागावं मग!”

आबांनी शांतपणे हार उतरवला, मिरच्या सोडल्या, लिंबं खिशात घातली, स्वस्तिक धोतराच्या सोग्यानं पुसलं. दोन चकरा मारून सगळीकडून बघितलं. म्हणाले, “आमचं होतं ते सगळं काढलं बघ.”

नियम असा, की बसायच्या आधी चालवणाऱ्याने स्वतः विमानाभोवती फिरून एकेक वस्तू तपासायची. आणि मी काय केलं? तणतणत जाऊन बसलो, पट्टा आवळला, इंजिन चालू केलं. आबांनी चकरा मारल्याच होत्या ना!

विमान सुटलं. धुरळा, कल्ला, मागे पोरं! वेग वाढतोय, पाठ सीटला चिकटतेय. मी वेगाच्या काट्याकडे बघितलं. शून्य. अजून पुढं. शून्य! बांध समोरून येतोय आणि काटा म्हणतोय आपण उभे आहोत. किती वेगात आहोत हे कळल्याशिवाय चाक उचलायचं कसं? इंजिन बंद केलं, ब्रेक दाबला, बांधाच्या अलीकडं कसाबसा थांबलो.

मला लगेच कळलं की हे कुणाचं काम आहे.

झालं असं, की डाव्या पंखाखाली पेनाएवढी एक नळी पुढं तोंड काढून असते. तिच्यात वारा शिरतो, त्या जोरावर काटा हलतो. नळी बुजली की काटा मेला. आणि सकाळी तिथं अक्षता कोण उधळत होतं? उतरलो तो ओरडतच.

“कुणी टाकलं? नळीत कुंकू कुणी टाकलं? तांदूळ कुणी कोंबला?”

मग जे सुरू झालं!

“मी लांबून टाकल्या होत्या अक्षता,” माय म्हणाली. “ह्येच जवळ गेले होते.”

“मी?” अण्णा उसळले. “मी तर फोटो काढत होतो!”

“फोटो काढता काढता प्रसाद सांडला तुमचा. साखर हाय ती, साखर जाते आत.”

“साखर नळीत उडी मारते का?”

गर्दीतून कुणी म्हणालं, “उदबत्ती पण तिथंच फिरवली होती.” पेरणी यंत्र जोडून ट्रॅक्टरवर बसलेल्या आबांकडे बोट दाखवत दुसरा म्हणाला, “नारळाचं पाणी आबानीच शिंपडलं.” पाच मिनिटांत निम्मं गाव गुन्हेगार झालं. मी मधे उभा राहून भाषण देतोय! अंधश्रद्धा, विज्ञान, देशाचं वाटोळं, काही सोडलं नाही.

आबा ट्रॅक्टरवरून उतरले. “असंल आमची चूक,” म्हणाले. “दाखव कुठं काय अडकलंय. मी काढतो.”

“चला, दाखवतोच!”

सगळ्या गावाला घेऊन मी डाव्या पंखाखाली गेलो. वाकलो.

नळीवर लाल कापडाची पिशवी होती. घट्ट, दोन गाठी मारलेली.

ती माझी होती. मीच शिवलेली, मीच बांधलेली. कुंभारमाश्या नळीत मातीचं घर करतात म्हणून. आणि लाल कशासाठी? चालवणाऱ्याला दुरून दिसावी, काढायची राहू नये म्हणून! जगभर हाच रिवाज आहे. लाल दिसलं की काढा.

आमच्या गावात लाल कापड बांधलेलं दिसलं की हात जोडतात. पिशवीवर हळदकुंकवाची दोन सुबक बोटं होती.

“आबा,” माझं भाषण तिथंच संपलं, “हे कामून नाही काढलं?”

“ते तू बांधलेलं हाय म्हणून,” आबा म्हणाले. “आम्ही म्हणलं, पोरगं वरून रागराग करतंय, पण आतून बांधलंय कायतरी. तुझ्या देवाला आम्ही कशाला हात लावावा?”

एक माणूस हसला नाही हो! हसले असते तर बरं झालं असतं.

पिशवी सोडली, खिशात कोंबली. पोरांनी विमान ढकलत पट्ट्याच्या सुरुवातीला आणलं. विमानाभोवती पूर्ण चक्कर मारली, एकेक बोल्ट बघत. दुपार होत आली होती, पण आबांनी ट्रॅक्टर चालू केला नव्हता. परत बसलो.

या वेळी काटा थरथरला, मग चढायला लागला. पुढचं चाक अलगद उचललं. मला तेवढंच करायचं होतं, खरंच तेवढंच! पण एकाएकी खडखड थांबली. वावराचा एकेक हादरा हाडात वाजत होता, तो बंद. मी घाबरून इंजिनचा जोर कमी केला आणि दाणकन खाली आलो.

पट्टा सोडून उतरलो. माय रडत होती, अण्णा रडत नव्हते असं दाखवत होते. आबा मात्र वाकून जमीन बघत चालले होते.

“हितं चाक लागलंय. हितं लागलंय. आन् हितनं,” ते थांबले, पावलं टाकत पुढं गेले, “हितवर न्हाई लागलं.”

मधल्या कोऱ्या मातीवरून त्यांनी हात फिरवला. मग ट्रॅक्टरजवळच्या गड्यांना हाक मारली, “हरभरा वरच्या तुकड्यात घ्या रं. ह्यो पट्टा पडीक राहू द्या, कागद येईपर्यंत.”

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पायाशी वाकलो.

तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरतो, माझं विमान उडालं. परवा इथंच टपरीवर एकाने आबांना विचारलं, “पोराचं विमान उडालं म्हणे?” मी छाती फुगवून शेजारीच उभा.

आबांनी चहाचा घोट घेतला. “उडालं कुठलं? नव्या खोंडावानी बुजलं जरासं.” मग माझ्याकडे बघितलं. “आन् पोरगं त्याच्याहून जास्ती.”